बोलण्यासाठी सोडलेली जागा

मफलर आमच्या घरात पहिल्यांदा आला तो विजारीची उंची कमी करून घ्यायला. विजार त्याला मुळीच लांब होत नव्हती. मी जिन्यातून बघत होतो आणि माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. तो गेल्यावर मी ताईला तसं म्हणालोही. ती म्हणाली, गिऱ्हाईक लांब आहे म्हणतं तर लांब आहे, तुझं काय जातंय.

ताई माझी मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती या घरात परत आली आणि खालच्या पुढच्या खोलीत तिने शिलाईचं दुकान टाकलं. पडदे, अभ्रे, कपड्यांची उसवाउसवी. वरची खोली माझी. मी लग्न केलं नाही. ताई म्हणते, मी मुलीच्या बापाकडे मुलगी त्याचीच असल्याचा पुरावा मागितला असता. माझा पेशाच तसा आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. जळालेलं गोदाम जळायच्या आधीच रिकामं झालं होतं का, पाठ मोडलेला माणूस दुपारी कपाट उचलताना दिसतो का, हे बघण्याचा मला पगार मिळतो. इतकी वर्षं हेच केल्यावर कुणी नुसतं 'कसं काय' विचारलं तरी पाणी कुठे मुरतंय ते मी शोधायला लागतो. लोक याला खोड म्हणतात, मी कसब म्हणतो.

आता वरच्या खोलीतल्या रेकॉर्डींबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यांच्यापायी झाला. ही काही गाणी नव्हेत. या रेकॉर्डी दुकानात कधी विकायलाच आल्या नाहीत. रेडिओवाल्यांना, माहितीपटवाल्यांना, जाहिरातवाल्यांना ऐनवेळी हाताशी असावं म्हणून काही कंपन्या संगीत आधीच वाजवून तयार ठेवायच्या आणि एकसारख्या साध्या पाकिटांत घालून पाठवायच्या. पाकिटाच्या मागे प्रत्येक तुकड्याचं वर्णन असायचं, औषधाच्या बाटलीवर असतं तसं. 'हलके उद्योग, आशावादी'. 'पाण्याखाली, निरुपद्रवी'. 'पाठलाग, परंतु धोका नाही'. माझ्या आवडीचा एक तुकडा आहे, 'संशय, मध्यम गती'. तो मी सकाळी दाढी करताना लावतो.

यात गोळा करण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात. मी बहुतेक वेळा उत्तर देत नाही, पण उत्तर आहे. हे संगीत कुणी ऐकण्यासाठी म्हणून कधी लावलंच नाही. बाटल्यांत दूध भरतानाच्या फिल्मच्या मागे ते वाजलं, हवामानाच्या अंदाजाच्या मागे वाजलं, प्रक्षेपण बंद पडल्यावर 'क्षमस्व'ची पाटी लागायची तिच्या मागे वाजलं. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणालाही आठवत नाही. वाजवणारे मात्र अव्वल होते. एरवी मोठमोठ्या वाद्यवृंदांत बसायचे आणि इथे येऊन मनाला येईल ते करून बघायचे, कारण इथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं आणि नावं ठेवायलाही कुणी नव्हतं. संगीतकाराचं छापलेलं नावसुद्धा बहुधा टोपण असायचं. दिवसभर लोकांचे खोटे दावे वाचून मी घरी येतो तेव्हा मला असं काहीतरी लागतं, जे कशावरच दावा सांगत नाही.

या सगळ्यांत माझी जीव की प्राण रेकॉर्ड म्हणजे 'कारखाने आणि माणसे'. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या भंगारात ती मला सापडली. माझ्या माहितीत दुसरी प्रत कुणाकडे नाही. तिच्यात 'पाळी सुटते' नावाचा एक तुकडा आहे. पियानो, झांजांवर हलकी कुंचल्याची घासणी, आणि वर क्लॅरिनेटवर एक साधी, जरा आळसटलेली चाल. कामावरून सुटलेली माणसं गेटमधून बाहेर पडतायत असं वाटतं. लगेच त्याच्यापुढे तोच तुकडा पुन्हा आहे, पण त्याच्यावर लिहिलंय 'निवेदनासाठी'. त्यात क्लॅरिनेट काढून टाकलाय. निवेदकाला बोलता यावं म्हणून चालीची जागा रिकामी सोडलीय. मला हा दुसराच जास्त आवडतो. नीट कान दिला तर त्या रिकाम्या जागेत अगदी पुसट काहीतरी ऐकू येतं. मी त्याला भूत म्हणतो. काढून टाकलेल्या क्लॅरिनेटचा आवाज पियानोच्या माईकमध्ये झिरपला असणार. रेकॉर्डी विकणारा माझा एक दोस्त आहे, आम्ही त्याला सुई म्हणतो, त्यालाही मी ते भूत ऐकवलं. तोही लगेच म्हणाला, क्लॅरिनेटच, दुसरं काय असणार. आम्ही दोघेही खूश झालो.

मफलर येतच राहिला. विजारीनंतर उशीचा अभ्रा आला, मग दुसरा अभ्रा, मग पियानोवर घालायचं झाकण. गल्लीतले लोक त्याला मफलर म्हणत, कारण भर उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यात एक करडा मफलर असायचा. तो बाजारामागच्या रस्त्यावर पियानो आणि पेट्या दुरुस्त करायचा. ताईच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून, तिचं काम चालू असताना, स्वतःशीच गुणगुणायचा. मी खाली आलो की थांबायचा. हेही मी मनात टिपून ठेवलं.

एकदा मी ते पाकीट खाली कटिंगच्या टेबलावर विसरलो. संध्याकाळी जेवताना ताई सहज म्हणाली की मफलरने ते उलटून पाहिलं आणि म्हणाला, हे मी केलंय. मागे छापलेलं नाव म्हणजे तोच, असं त्याचं म्हणणं. टोपणनावावर हक्क सांगायला काय लागतं? कुणीही उठावं आणि म्हणावं, तो मीच. सुईला विचारलं तर तो म्हणाला, त्या नावामागचा माणूस केव्हाच गेला असं सगळे धरून चालतात, आणि कुणी ती रेकॉर्ड बघायला मागत असेल तर खोलीला कुलूप लाव. मी त्याच दिवशी कुलूप आणलं.

मग ताईने दुसरी गोष्ट सांगितली. ती अभ्र्याला काज करत होती आणि वर न बघता म्हणाली, "त्यांनी मला विचारलंय. त्यांच्याकडे राहायला येशील का म्हणून. मी अजून काही बोलले नाही."

खोटं कशाला सांगू, मला आधी रेकॉर्डच दिसली. हा माणूस गोड बोलून बहिणीला नेणार आणि तिच्या मागोमाग माझं कपाट. पण त्याच्याखाली दुसरी भीती होती आणि ती जास्त मोठी होती. ताई गेली तर या घरात मी आणि 'पाण्याखाली, निरुपद्रवी' एवढेच उरणार. मशीनचा आवाज बंद झालेलं घर मला कल्पनेतही सहन होईना. आणि तिने आयुष्यात एकदा आपलं माणूस गमावलं होतं. पुन्हा कुणा भामट्याच्या हाती लागून तिचं हसू होऊ नये, हेही मला मनापासून वाटत होतं. हे सगळं एकत्र आलं की मी जे करतो तेच केलं. तपासणी.

"तो म्हणतो ते खरं असेल तर सिद्ध करायला त्याची हरकत नसावी," मी म्हणालो.

"तो नाही, ते," ताई म्हणाली. "आणि मी त्यांना काही सिद्ध करायला सांगितलेलं नाही."

मी तरीही त्याला रविवारी दुपारी चहाला बोलावलं. बेत पक्का होता. क्लॅरिनेट असलेला तुकडा त्याने या घरात ऐकलेला नव्हता आणि रेकॉर्डची दुसरी प्रत नव्हती. 'निवेदनासाठी'वाला लावायचा, चाल त्याच्या तोंडून काढायची. खरा असेल तर चाल येईल, नसेल तर तोंडावर आपटेल. याहून चोख खडा मी कुठल्या दाव्यात टाकला नव्हता.

तो आला, वरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला. मी कुलूप काढलं तेव्हा त्याने कुलपाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी रेकॉर्डवर सुई ठेवली. पियानो सुरू झाला. त्याचा चेहरा मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. तो आधी हसला, मग त्याने डोळे मिटले.

मी म्हणालो, "यावर एक चाल होती. आठवते का बघा."

त्याने लगेच गुणगुणायला सुरुवात केली. जराही अडखळला नाही. चाल सुंदर होती, लांब श्वासाची, मध्येच थांबून पुन्हा वर चढणारी. फक्त ती चाल ही नव्हती. क्लॅरिनेटच्या चालीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. मला इतका आनंद झाला की मला तो लपवावा लागला. तुकडा संपल्यावर मी सुई उचलून आधीच्या तुकड्यावर ठेवली. क्लॅरिनेट वाजला. पूर्ण वाजला.

"हां," मफलर म्हणाला. "ही पण आहे."

"ही पण नाही. हीच आहे," मी म्हणालो.

तो उठला. मफलर नीट केला. मला वाटलं आता सारवासारव करेल, आठवण दगा देते वगैरे म्हणेल. सगळे म्हणतात. त्याने चहासाठी आभार मानले, चहा अजून आलेलाही नव्हता. दारात ताई ट्रे घेऊन उभी होती, ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तो तिच्या बाजूने निघून गेला. मी ताईला म्हणालो, ऐकलंस ना. ताईने ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि तीही खाली गेली.

त्यानंतर मफलर आमच्याकडे आला नाही. ताईने त्या रविवारचा विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्याशी नेहमीसारखं बोलायची, जेवण झालंय, पाणी गेलंय, तुझ्या कोटाचं बटण लावलंय. पण ती माझ्याशी वाद घालेनाशी झाली, माझी टर उडवेनाशी झाली. मी जिंकलो होतो आणि घरात जिंकलेल्या माणसाशी कुणी मनमोकळं बोलत नव्हतं.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी मी वर रेकॉर्डी पुसत बसलो होतो. 'निवेदनासाठी' लावला होता, दार उघडं होतं, खाली ताईचं मशीन चालू होतं. ते थांबलं आणि ताई गुणगुणायला लागली. तीच मफलरची चाल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटी चाल तर खोटी, पण ती घरात ठाण मांडून बसली होती. आवाज वाढवून तिला बुडवावं म्हणून मी बटण पिळलं. आवाज वाढला तसं भूतही वाढलं. आणि भूत ताईबरोबर गात होतं.

मी खाली बसलो, कान स्पीकरला लावला. ताई जिथे थांबत होती तिथे भूत थांबत होतं, ती वर चढत होती तिथे तेही चढत होतं. तो क्लॅरिनेट नव्हताच. माणसाचा आवाज होता, बंद तोंडाने गुणगुणणाऱ्या तरुण माणसाचा. इतकी वर्षं मी ते दर आठवड्याला ऐकत होतो आणि एकदाही ऐकलं नव्हतं, कारण ते काय आहे हे मला आधीच माहीत होतं. त्या रविवारीही ते वाजत होतं. मी तेव्हा त्याचा चेहरा वाचण्यात गुंतलो होतो.

मी तसाच उठलो आणि ताईच्या समोरून, काही न सांगता, बाजारामागच्या रस्त्यावर मफलरकडे गेलो.

त्यांचं दुकान लांबट आणि अरुंद होतं. दोन उघडे पियानो, सरसाचा वास, टेबलावर ओळीने मांडलेल्या निखळलेल्या पट्ट्या. सवयीने मी सगळीकडे नजर फिरवली. मागच्या फळीवर फडक्याखाली एक रेकॉर्ड प्लेअर होता. फडक्यावर धूळ नव्हती. ते एका तारेला पीळ देत होते. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. मी बसलोही नाही, सरळ विचारलं की ते गुणगुणणं रेकॉर्डवर आलं कसं.

त्यांनी शांतपणे सांगितलं. वादक पहिल्यांदाच तो तुकडा वाजवत होते, चाल कुठे सुरू होते कुठे संपते हे कळावं म्हणून ते स्वतः बाजूच्या खोलीतून त्यांच्या हेडफोनमध्ये गुणगुणत होते. पियानोवाल्याला कमी ऐकू यायचं, त्याने हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवला होता, तो त्याच्या माईकने पकडला. नंतर कंपनीच्या माणसाने ऐकलं आणि म्हणाला, चाल फार चांगली आहे, लोक निवेदकाकडे लक्षच देणार नाहीत, साधी काहीतरी करा. म्हणून दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेटवाल्याला बोलावून त्याच तुकड्यावर साधी चाल वाजवून घेतली. दोन्ही चाली त्यांच्याच.

"हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत. परीक्षा घेतलीत." त्यांनी तार सोडली. "खरं सांगू का, सुरुवातीला मीही तुमच्या ताईंवर संशय घेत होतो. रेकॉर्डवाल्या माणसाची बहीण आहे हे मला ठाऊक होतं. तुमच्यासारख्यांनी मला पूर्वी फार पिडलंय. वाटलं, जुन्या टेपा काढून घ्यायला भावानेच हिला गोड बोलायला सांगितलं असेल. फार दिवस मनात ठेवलं. मग एक दिवस त्यांनाच विचारलं."

"मग?"

"त्या इतक्या हसल्या की सुई बोटात घुसली. तिथेच मिटलं." मग ते म्हणाले, "तुम्ही हे ताईंना सांगितलंत?"

मी म्हणालो, अजून नाही, आधी तुमच्याकडे आलो.

"म्हणजे खात्री करून घ्यायला," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटलं, राग असता तर बरं.

घरी आलो तर ताई माझी वाटच बघत होती. मशीनवर झाकण घातलेलं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, भूत, हेडफोन, बहिरा पियानोवाला. माझं चुकलं असंही म्हणालो, आणि ते म्हणताना मला अपेक्षा होती त्याहून जास्त रडू आलं. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली की हे सगळं तिला माहीत होतं.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं. तू कामावर असतोस तेव्हा दुपारी दुकान बंद करून मी तिकडे जाते. रोज."

लोकांच्या दुपारी शोधण्यात माझं आयुष्य गेलं आणि माझ्याच घराची दुपार मला ठाऊक नव्हती. जगात एकाच माणसावर मी कधी संशय घेतला नव्हता, आणि ते माणूस रोज दुपारी माझ्यापासून लपून जात होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू पुरावा मागितला असतास," ताई म्हणाली. "गुणगुणत मात्र होते. म्हटलं, कधीतरी ऐकशील."

मी खुर्चीत बसलो. विचारायचं ते अगदी साधं होतं आणि ते विचारणं माझ्या जिवावर आलं होतं, कारण उत्तर तपासून बघता येणार नव्हतं.

"जाणार आहेस का?"

"हो," ताई म्हणाली. "मशीनही नेणार आहे. तिथे पुढच्या बाजूला जागा केलीय त्यांनी."

मग मी वर गेलो आणि 'कारखाने आणि माणसे'चं पाकीट घेऊन खाली आलो. ते ताईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, हे त्यांना दे, त्यांच्याकडे स्वतःची एकही प्रत नाही, त्यांचं आहे त्यांच्याकडे असू दे. ताईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर माझ्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग तिने ते परत माझ्या हातात दिलं.

"अरे, ते घेऊन काय करतील? त्यांच्याकडे वाजवायला प्लेअर कुठे आहे?" ती म्हणाली. "राहू दे तुझ्याकडेच. आम्ही दर रविवारी ऐकायला येत जाऊ. दुपारचं जेवण मी घेऊन येईन."

फळीवरचा प्लेअर माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याच्यावरचं फडकं, फडक्याची ताईच्या हातची दुमड. खोटं बोलताना ताई नेहमी दोरा दाताने तोडते, आणि आता तिच्या हातात दोरा नव्हता तरी तिने तोंडाशी बोट नेलं. इतका सरळ खोटा दावा माझ्या टेबलावर आजवर आला नव्हता.

"हो, खरंच," मी म्हणालो. "प्लेअर नाहीच आहे त्यांच्याकडे."